धरणसुद्धा पिवळं

४ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पेपरातला नकाशा पाहिला. मागच्या निवडणुकीत कोण कुठे जिंकलं, तो. आपला अख्खा मतदारसंघ पिवळाधमक! मी बाराशे मतांनी पडलो होतो गं, ऐंशी हजारांत फक्त बाराशे! नकाशात मात्र मी उभाच नव्हतो असं वाटतं. आणि धरणसुद्धा पिवळं? माशांनीही मला मत दिलं नाही म्हणजे कमालच झाली.

थट्टा राहू दे. चौकातल्या न्हाव्याने तो नकाशा भिंतीला चिकटवलाय. दाढीला बसलेला प्रत्येक जण तेच बघतो आणि म्हणतो, इथे निळ्यांचं, म्हणजे आपलं, काही खरं नाही. माझ्याबरोबर दारोदार फिरणारी बारा माणसं होती, आता तिघं उरलीत. फार थकलोय. दिवसभर पुस्तकं बांधायची, संध्याकाळी जिने चढायचे, आणि दार उघडणारा म्हणतो, कशाला उगाच? तुझी वहिनीही म्हणते, बास करा आता. यंदाचा उमेदवारी अर्ज मागे घ्यायला बारा तारखेपर्यंत मुदत आहे. घ्यावा म्हणतो.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो तसाच असू दे.
तुझा,
दादा

८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दुकानाचा फोन लागत नाही, म्हणून पत्रच लिहितेय. तुझं पत्र वाचलं. अरे, तो नकाशा मीच रंगवलाय. जिंकणाऱ्याचा रंग पार हद्दीपर्यंत भरायचा, अशी इथली रीत. एका मताने जिंकला तरी तेच. त्यात आपला मतदारसंघ सगळ्यांत मोठा, आणि अर्धा नुसतं जंगल. घाईत धरण वगळायचं राहिलं, ती चूक निव्वळ माझी. संपादकांनी उलट शाबासकी दिली, म्हणाले, कसा ठसठशीत दिसतोय!

सोबत दुसरा नकाशा पाठवतेय. दर शंभर मतांना एक ठिपका. तुझे तीनशे अठ्ठ्याण्णव, त्यांचे चारशे दहा. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून काढलाय, मान मोडून गेलीय. जंगलात बघ, जवळजवळ कोरं आहे. हाच छापा म्हणून संपादकांच्या मागे लागले, तर म्हणाले, हा नकाशा आहे की गोवर?

दादा, तू कुठेही गेलेला नाहीस रे. अर्ज मागे घेऊ नकोस, हात जोडते. वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागाव हवं तर, पण माया कमी करू नकोस.
तुझी,
ढब्बू

१५ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र काल हातात पडलं. अर्ज मी बारालाच मागे घेतला होता. कारकुनाने का म्हणूनसुद्धा विचारलं नाही, नुसतं सही कुठे करायची ते दाखवलं. तिसरा कोणी उभाच नव्हता, त्यामुळे पिवळे बिनविरोध आले. यंदा इथे मतदानच नाही.

तू रडत बसू नकोस. तुझ्यावर राग नाही, चिडलोय तो स्वतःवर. वीस वर्षं जिने चढून एकेक माणूस ओळखीचा केला, आणि विश्वास ठेवला कशावर, तर न्हाव्याच्या भिंतीवर!

तुझा ठिपक्यांचा नकाशा दुकानात लावलाय. आज सकाळी नळदुरुस्तीवाला आला होता, दर वेळी मलाच मत देणारा. बोट फिरवत फिरवत त्याने स्वतःची गल्ली शोधली, तिथले निळे ठिपके मोजले, नऊ निघाले, म्हणजे नऊशे मतं. इतका खूष झाला म्हणून सांगू! म्हणाला, अहो, आपण एवढे होतो होय? मग पिशवी उचलता उचलता त्याने विचारलं, यंदा मतदान किती तारखेला.



जमेल तेव्हा चार ओळी लिहीत जा.
तुझा,
दादा