अकरा चित्रपटांतली हेडबाई

ता. ३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे माझी मान अवघडली आहे. दिवसभर जुनी रिळं पुसायची, तुटलेली चिकटवायची, आणि त्यातली मांजरं मोजायची. हो, मांजरं. आमच्या संग्रहालयात पुढच्या महिन्यात जुन्या विनोदपटांतल्या मांजरांचं प्रदर्शन आहे. भिंतीवर फोटो आणि रोज एक चित्रपट.

तुझ्या कंपनीच्या अकरा चित्रपटांत एकच मांजर आहे, हे मी शोधून काढलं. पांढरी, एका डोळ्यावर काळा डाग, शेपटीचं टोक मोडलेलं. नायक साबणाच्या पाण्यावरून घसरतो, मडक्यांची अख्खी फळी त्याच्या डोक्यावर येते, आणि ही बाई मान वर न करता पंजा चाटत बसते. मी एकटी काम करताना हसून हसून रीळ तोडलं. श्रेयनामावलीत मिशा चिकटवणाऱ्याचंही नाव आहे, हिचं नाही. आमच्या साहेबांना फोटोखाली 'अज्ञात मांजर' लिहायचंय. सामानखातं तू सांभाळायचास. खुर्चीपासून मांजरापर्यंत सगळं तूच आणायचास ना? मग नाव कळव. लोभ आहेच, तो उत्तर लवकर पाठवून सिद्ध कर.

तुझी,
चिवट भाची

ता. ९ फेब्रुवारी

चि. चिवटबाईस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा माझ्यापेक्षा तरुण आहे. मांजरांबद्दल विचारलंस, तर सांगतो. मांजराला शिकवता येत नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला माशाचं डोकं धरायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. तू म्हणतेस ती मात्र मासा दाखवला की तोंड फिरवायची. मग दिग्दर्शकानेच हात टेकले. ती बसेल तिथे कॅमेरा नेऊ लागला. नायक बिचारा वीस वेळा आपटायचा, आणि लोक हसायचे हिला.

नाव काही आठवत नाही. साहेब म्हणतात तसं 'अज्ञात' लिही, त्यात एक भारदस्तपणा आहे. आणि हो, तुझ्या आईला प्रदर्शनाला उगाच नेऊ नकोस. पायऱ्या फार असतील. जपून राहा, मानेला शेक दे, आणि या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
मामा

ता. १४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आमच्याकडे एकही पायरी नाही. ज्याला नायकाच्या बुटाचा नंबर आजही पाठ आहे, त्याला अकरा चित्रपटांतल्या मांजराचं नाव आठवत नाही?

तुझं पत्र यायच्या आधीच मी आईला गंमत म्हणून फोटो पाठवला होता. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: चित्रपट कोणत्या वर्षीचा? मी वर्ष कळवलं. त्यानंतर काहीच नाही.

मामा, समोरच्या शिंपीणबाईंनी आईचं मांजर हाकलून दिलं आणि म्हणून त्या दोघी बोलत नाहीत, हे मला जन्मापासून माहीत आहे. समोरच्या दारात शिलाई मशीन असताना माझे फ्रॉक चार गल्ल्या लांब शिवायला जायचे. त्या मांजराचं नाव हेडबाई होतं, हेही माहीत आहे. आता मला काही कळवू नकोस. आईला लिही. मी रागावलेली नाही, पण हसतही नाहीये.

तुझीच,
भाची

ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटोतली हेडबाईच आहे. मी नेली.

मी विसाचा होतो, तुझ्याकडे राहून नुकता कंपनीत लागलो होतो. भाड्याने आणलेलं मांजर दिवे पाहून छपरावर पळालं, आणि दिग्दर्शक म्हणाला, दुपारपर्यंत दुसरं आण नाहीतर तू जा. तू ऑफिसात होतीस. मी हेडबाईला टोपीच्या खोक्यात घातलं. पाचच्या आत परत ठेवणार होतो. पण प्रसंग अर्धाच झाला, आणि अर्ध्या प्रसंगात दिसलेलं मांजर उरलेल्यातही दिसावं लागतं.

संध्याकाळी सांगायलाच आलो, तर जिन्यातच तुझा आवाज ऐकू आला. शिंपीणबाईच्या कापडावर हेडबाई बसायची म्हणून तिनेच हाकलली, असं तू तिला सगळ्या मजल्यासमोर म्हणत होतीस. ती गप्प उभी होती. मीही गप्प राहिलो. चार दिवसांनी हेडबाईने कपडेपटाच्या पेटीत तीन पिल्लं घातली. मग आज सांगतो, उद्या सांगतो करता करता अडतीस वर्षं झाली. तू पास मागायचीस तेव्हा ते संपलेले नसायचे, ताई. आमचा एकही विनोदपट मी तुला पाहू दिला नाही.

ती सुखात जगली. म्हातारी होऊन त्याच पेटीत झोपेत गेली. त्या दिवशी नायकाने शूटिंग थांबवलं.

मांजराचं सोड, तुझी मैत्रीण मी नेली. तोंड दाखवू का, ते कळव.

तुझा,
धाकटा

ता. ७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद द्यायचे की नाही, हे पत्र संपेपर्यंत ठरवते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तसंच हातात घेऊन समोरचं दार वाजवलं. तिने उघडलं. मी उंबऱ्यात उभी राहून तुझं पत्रच मोठ्याने वाचलं. ती खाली बसली. मला वाटलं, आता दार लावेल. तर ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मी तिला लाकडी पट्टीने मारलं होतं गं." रेशमी कापड फाडलं म्हणून. हेडबाई आपल्यामुळेच गेली, असं धरून ती बाई अडतीस वर्षं गप्प राहिली. माझ्या शिव्या आपल्या हक्काच्याच आहेत, असं समजून.

मी माफी मागितली. तिने चहा टाकला. साखर विसरली, मी बोलले नाही.

काल आम्ही दोघी प्रदर्शनाला गेलो. पडद्यावर हेडबाई आली, फळी कोसळली, तिने पंजा चाटला, आणि शिंपीणबाई इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. मला आधी रडू आलं, मग तिचं पाहून मीही हसत सुटले. उद्या हेडबाईचा दुसरा चित्रपट आहे. अकराही पाहायचे ठरलंय.

शनिवारी आम्ही तुझ्याकडे येतोय. मला जे बोलायचं होतं ते चित्रपट पाहताना विरघळलं. तिचं तसं नाही. इतकी वर्षं तिने नुसतं ऐकून घेतलंय, आता तिला बोलायचंय, आणि मी मध्ये पडणार नाही. दार उघड, खुर्चीत बस, आणि त्या दिवशी जिन्यात राहिलास तसाच गप्प राहा.

आशीर्वाद आहेत.

तुझी,
ताई