दोन वाजताचं पाणी

९ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा सप्तांगच समज.)

प्रथम एक गंभीर तक्रार. तुझं पत्र पुन्हा बारा घड्या घालून आलं. चाळीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधल्यास हे मान्य. पण सख्ख्या भावाला पत्र उलगडताना आत कडू पूड निघेल अशी भीती वाटावी, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

आता खरी बातमी. तू महिनाअखेरीस नाही, मार्चअखेरीस येणार हे बरं झालं. तुझ्यासाठी ठेवलेल्या मागच्या खोलीच्या भिंतीला गुडघाभर ओल चढली आहे. खाली लोणा फुटलाय, पांढरा खार. हात लावला की विटेचा भुगा बोटांवर येतो. बाहेर पाऊस नाही, नळ गळत नाही. मग हे येतं कुठून? मी रोज भिंतीपुढे खुर्ची टाकून बसतो. काव्य सुचत नाही, ओल मात्र वाढते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा
पंडित

१६ जानेवारी

चि. पंडितास,
आशीर्वाद, गुडघ्यासकट.

खुर्ची उचल आणि बाहेर अंगणात जाऊन बघ. बाबांनी ते घर स्वतःच्या हातांनी बांधलं. जोत्यावर डांबराचा थर देताना मी बादली धरून उभी होते. जमिनीची ओल त्या थराच्या वर चढत नाही, पण माती किंवा फरशी थराच्या वर गेली तर थर असून नसल्यासारखा. तू मागे अंगणात जुन्या फरशीवर नवी फरशी घातलीस ना? उतार कुठे आहे तो पाण्याची बादली ओतून बघ. गवंडी बोलाव आणि त्याला श्लोक ऐकवू नकोस.

डॉक्टर म्हणाले, या छातीला ओलसर खोली म्हणजे दर महिन्याला दवाखाना. आणि इथली जागा ३१ मार्चला सोडायचीच आहे. तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नकोस.

आठवण ठेवणारी
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. (सप्तांग, वरीलप्रमाणे).

तू जिंकलीस. बादली ओतली, पाणी थेट भिंतीकडे धावलं. फरशी थराच्या चार बोटं वर होती आणि पन्हाळीचं पाणीही तिथेच पडत होतं. पूर्वी मी नापास मुलांकडे पाहायचो, तसं गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं भिंतीलगतची फरशी उखडली, चर खणून खडी भरली, पन्हाळीचं तोंड रस्त्याकडे वळवलं आणि कुजलेल्या खालच्या विटा बदलल्या. नव्या बांधकामाला सात दिवस पाणी मारा, म्हणाला. मी रोज जेवून उठलो की झारीनं पाणी घालायचो आणि वरच्या कोरड्या भागावर खडूची एक रेघ ओढायचो. काल सातवी रेघ झाली. काम समाप्त. भिंत आता वाळेल, तू सामान बांधायला घे. बारा घड्या घालून.

लोभाला तडा नसावा.
पंडित

६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

सामान बांधू नकोस.

भिंत वाळत नाही. सकाळी पाहावं तर विटेचा रंग उतरलेला, कोरडी होईलसं वाटतं. संध्याकाळी तीच भिंत काळी, ओलीचिंब. गवंडी दोनदा येऊन गेला. चर कोरडा आहे, खडी कोरडी आहे; पाणी खालून येत नाही, वरून येतंय, असं म्हणून तो वर आभाळाकडे बघत राहिला. आभाळ स्वच्छ होतं. फाटकाला मी आठवडाभर कुलूप लावतोय. खुंटीवर टांगलेली झारी मात्र ठिबकत असते.

आज सकाळी रेघा मोजल्या. सात हव्यात. एकोणतीस आहेत. प्रत्येक रेघ खालच्या टोकाला जराशी मोडलेली. बाबा विटांवर अशीच खूण करायचे, तुला आठवतं? मी शास्त्र शिकलेला माणूस आहे, भलतंसलतं बोलणार नाही. पण आज मी त्या खोलीत भिंतीकडे पाठ करून बसलो नाही.

पंडित

१२ मार्च

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली. त्यांना पाणी मारायचं असतं तर सात दिवसांत थांबले असते. तेवढं काम त्यांना कळत होतं.

तुझी ६ तारखेची दोन पत्रं मला एकाच दिवशी मिळाली. दोन वेगळी पाकिटं, दोन तिकिटं, मजकूर शब्दन् शब्द तोच. आधी वाटलं, चेष्टा आहे. मग हसू येईना.

अंगणापलीकडच्या शिंपीणबाईंचं मशीन तुझ्या भिंतीसमोरच्या खिडकीत असतं. त्यांना विचार. आणि जे सांगतील ते मला लिही, गाळू नकोस.

ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

विचारलं. शिंपीणबाई हसल्या. म्हणाल्या, मास्तर, भिंतीला पालवी फुटायची वाट बघताय का? रोज दुपारी दोनला मी राखाडी स्वेटर घालून येतो, सावकाश पाणी घालतो, रेघ ओढतो आणि त्यांना हात करून आत जातो, असं त्यांनी सांगितलं. एकदा त्यांनी टोकलं, तर मी म्हणालो होतो की गवंड्यानं सात दिवस सांगितलंय, आज पहिलाच आहे.

मी झारी त्यांच्याकडे ठेवून आलो. खडू फेकून दिला. हे परवाचं. काल संध्याकाळी भिंत ओली होती आणि स्वयंपाकघरातली कळशी अंगणात आडवी पडली होती. रेघ कोळशाची होती.

दुसरं पत्र टाकल्याचंही मला आठवत नाही. हे पत्र तुला आधीच आलं असेल तर सांग.

तू ये म्हणावं, तर खोली ओली. येऊ नको म्हणावं, तर ती ओली करणाऱ्याला अडवणारं इथे कोणी नाही. भिंतीची मला काळजी नाही, ताई. शिंपीणबाईंच्या खिडकीतून एक तास दिसला. बाकीच्या तासांत मी काय करतो ते मला ठाऊक नाही. मला फार भीती वाटते.

तुझा
धाकटा