बशीसाहेबाची खिडकी

९ मार्च

डाग निघत नाही. कापसाने पुसलं, खोडरबर फिरवलं, उन्हात ठेवून पाहिलं. गोल तसाच! माझ्या पदवीच्या कागदावर, 'पर्यावरणशास्त्र' ह्या शब्दाच्या बरोबर डोक्यावर, चहाच्या कपाचा तपकिरी गोल.

काल काय झालं ते लिहून ठेवते. राग शिळा व्हायला नको.

आई ज्या घरी स्वयंपाक करते तिथल्या साहेबांना माझं प्रमाणपत्र दाखवायचं तिने मनावर घेतलं होतं. 'घरात पहिली पदवीधर तू. त्यांनाही कळू दे की!' मी त्या घरात आजवर कधी गेले नव्हते. तिनेच येऊ दिलं नाही. 'तू अभ्यास कर, तिथे काय बघायचंय तुला?' काल स्वतःच घेऊन गेली. माझ्या केसांना दोनदा कंगवा लावला.

दिवाणखान्यात पाहुणे बसलेले. साहेबांनी कागद लांब धरला, मग जवळ धरला. म्हणाले, 'वा! म्हणजे तुमच्यानंतर आम्हाला पदवीधर स्वयंपाकीण!' सगळे हसले. एका बाईंना तर ठसका लागला. मग साहेबांनी कागद टेबलावर ठेवला आणि कागदावर कप ठेवला. मुद्दाम नाही. तेच तर! मुद्दाम ठेवला असता तर निदान मी तिथे आहे हे त्यांना दिसलं असं म्हणता आलं असतं. टेबल खराब व्हायला नको, एवढंच त्यांच्या डोक्यात. बशी जवळ नव्हती, माझी पदवी होती.

आईने कप उचलला, तळहाताने कागद पुसला आणि म्हणाली, 'येतो आम्ही.'

येतो!

घरी येऊन तिच्याकडून कबूल करून घेतलं — पुन्हा त्या घरात पाऊल टाकायचं नाही. ती भांडी लावत होती. पाठमोरीच म्हणाली, 'नाही टाकत.'

१० मार्च

आजपासून त्याचं नाव बशीसाहेब. सूड घेईपर्यंत दुसरं नाव नाही.

१३ मार्च

आईला काम मिळालंसुद्धा! पुलापलीकडच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये. मी म्हटलं, बघ, जग काही बशीसाहेबावर चालत नाही. ती म्हणाली, 'तू जेव आधी.'

सूड कसा घ्यावा? निनावी पत्र — भेकडपणा. गाडीच्या चाकातली हवा — शाळकरी. मोठं होऊन दाखवणं — ह्याला फारच वेळ लागतो, तोवर तो म्हातारा होऊन मरेल.

१६ मार्च

पालिकेच्या पर्यावरण कक्षात गेले. फळ्यावर कागदच कागद — ओल्या कचऱ्याचं खत, झाडांची मोजणी, मोडक्या वस्तूंच्या दुरुस्तीची रविवार सकाळ, थंड छत. सगळ्याला स्वयंसेवक हवेत! तीन वर्षं ज्या गोष्टी पुस्तकात वाचल्या त्या भिंतीवर टाचण्यांनी लावलेल्या बघून छातीत काहीतरी हललं. खरंच हललं. सूडबीड विसरले दहा मिनिटं.

कक्षाच्या प्रमुख एक बाई आहेत. हातात पिस्तुलासारखं तापमापक. भिंतीवर रोखतात, टेबलावर रोखतात, चहावरही रोखतात. 'अजून पिण्यासारखा नाही,' म्हणाल्या. मी मनात त्यांचं नाव ठेवलं थर्मामीटरबाई. त्यांनी विचारलं, काय करायला आवडेल? म्हटलं, सगळं! त्या हसल्या. 'सगळं करणारे दुसऱ्या आठवड्यात दिसत नाहीत. एक निवड.'

बाबांना सांगितलं. ते शीतगृहात रात्रपाळीचे पहारेकरी. त्यांचं नेहमीचं वाक्य — 'रात्रभर बर्फात, दिवसभर तव्यावर.' तवा म्हणजे आमचं पत्र्याचं छप्पर. दुपारी झोप नाहीच, ओला टॉवेल छातीवर घेऊन पडून राहतात. म्हणाले, 'पर्यावरणवाले नक्की करतात काय गं? झाडांना पाणीच घालायचं तर माळी का म्हणत नाहीत?'

थंड छत निवडलं. बाबांसाठी.

२२ मार्च

आज प्रशिक्षण. पत्र्यावर पांढरा रंग दिला की ऊन आत शिरत नाही, माघारी जातं. रंग दोन जातींचे. एक चमकणारा पांढरा, एक दुधी, बिनचमकीचा. थर्मामीटरबाईंनी दोन्ही पत्र्यांवर पिस्तूल रोखून दाखवलं. गारवा सारखाच! 'मग फरक काय?' लंबूने विचारलं. (लंबू माझ्या गटातला, शिडीशिवाय छपराला हात पोचतो.) बाई म्हणाल्या, 'समोर उंच इमारत असेल तर दुधीच द्यायचा. चमकणारा दिलात तर तिथल्या माणसांच्या डोळ्यांत सुया जातील. हा नियम विसरायचा नाही.'

मी वहीत लिहून घेतलं. लिहिता लिहिता पेन थांबलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला भिंत. भिंतीपलीकडे बशीसाहेबाची इमारत. तिचं फाटक मागच्या मोठ्या रस्त्यावर, पण खिडक्या इकडे, आमच्या छपरांवर, आणि तोंड पश्चिमेला! आत्ता आमचे पत्रे गंजलेले आहेत म्हणून ऊन पिऊन टाकतात.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. आज ती तिथून बाहेर पडायची वाट शोधत होती, आणि सापडली.

२५ मार्च

थर्मामीटरबाई माझ्या गल्लीचा कागद भरत होत्या. 'समोर उंच इमारत?'

'नाही. आहे ती बरीच लांब आहे.'

आयुष्यात इतकं सफाईदार खोटं पहिल्यांदा बोलले. आवाजसुद्धा हलला नाही. बाई म्हणाल्या, 'तुझ्यासारखी दहा माणसं मिळाली तर हे शहर बदलेन.'

रात्री जेवण गेलं नाही. म्हणून काय झालं! त्याने कप ठेवताना विचार केला होता का?

२ एप्रिल

गल्लीला पटवणं म्हणजे दगडाला घाम आणणं. कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या मावशींनी तर दारातूनच — 'पांढरं छप्पर? घर आहे की दवाखाना?'

'मावशी, घर गार होईल.'

'गार झालं की तुझा काका दिवसभर घरातच बसेल. त्याचं काय?'

शेवटी आईच मदतीला आली. मावशींना म्हणाली, 'पोरगी शिकलीय, मावशी. एकदा तिचं ऐकून तर बघू.' मावशी म्हणाल्या, 'तुझं छप्पर आधी कर. तुम्ही जिवंत राहिलात तर माझं कर.'

आई सकाळचं काम संपवून आली की उन्हात मनगट कपाळाला लावून वर बघते. हात कायम ओले, म्हणून मनगट. तशीच उभी राहून आमच्या छपराकडे बघत होती. किती अभिमान होता तोंडावर! मला तिच्याकडे बघवेना.

११ एप्रिल

झाली गल्ली पांढरी! मी, लंबू आणि पत्र्याला झुरळासारखे चिकटलेले आणखी चार स्वयंसेवक. माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या. बाबा म्हणाले, 'एका दिवसात म्हातारी झालीस, आता पेन्शन घे.'

चारच्या सुमारास सूर्य खाली आला आणि — काय सांगू! सगळी गल्ली पेटली. प्रकाशाची एक लांब पाटी उचलली गेली आणि सरळ तिसऱ्या मजल्यावर जाऊन आदळली. मी टाकीआडून बघत होते. बशीसाहेब गॅलरीत आला, डोळ्यांवर वर्तमानपत्र धरलं, आत पळाला. पडदा ओढला.

घे! हा घे कप!

१५ एप्रिल

बाबा झोपले. दुपारी दोनला. घोरत होते! आईने दार हळूच लोटलं आणि बाहेर पायरीवर बसली. मला बोटाने 'शूऽ'. कित्येक वर्षांनी ह्या घरात दुपारी कोणी घोरलं.

शिलाईवाल्या मावशी आल्या, खालच्या आवाजात म्हणाल्या, 'तुझा काकाही झोपलाय. आता उठवू कसा?'

१९ एप्रिल

दिवाणखान्याचा पडदा दिवसभर बंद. शेजारच्या छोट्या खिडकीला मात्र पडदा नाही. अडगळीची खोली असावी. आंधळी होऊ दे अडगळ!

रोज चारला छपरावर चढते. घरी सांगते, रंग तपासते. खरं म्हणजे मी माझा नफा तपासते.

२४ एप्रिल

आईचे डोळे लाल. पाणी गळतंय. विचारलं तर म्हणाली, 'कॅन्टीनचा धूर.' रागच आला. आजच्या काळात धूर! मी म्हटलं, पालिकेची स्वच्छ चुलींची योजना आहे, उद्याच तुझ्या कॅन्टीनचं नाव घालते.

'नको, नको!' केवढ्यांदा ओरडली. मग हसली. 'अगं, नवी नोकरी आहे. आल्या आल्या तक्रार कशाला?'

गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. डोळे मिटून म्हणाली, 'रंग चांगला लागलाय गं तुझा. पत्रे अगदी आरशासारखे.'

मला छान वाटलं.

३० एप्रिल

आमची गल्ली आता पालिकेची नमुना गल्ली! थर्मामीटरबाई आल्या तेव्हा गल्लीच्या टोकाकडे बघायच्या आत मी त्यांना खोलीत नेलं. त्यांनी पिस्तूल रोखलं, आकडा बघितला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सगळ्या वॉर्डाच्या थंड छतांचं काम बघायला एक माणूस नेमायचाय. पगारी. 'तुझंच नाव पाठवतेय.'

आईला सांगितलं. ती बराच वेळ माझा हात धरून बसली. तिला मी अंधूक दिसत असणार, कारण चेहऱ्याकडे न बघता कानाकडे बघत होती.

६ मे

आज तो आला! पर्यावरण कक्षात, काळा चष्मा लावून, घामाघूम. मी टेबलाच्या ह्या बाजूला, तो त्या बाजूला. ह्या क्षणासाठी दोन महिने दात-ओठ खाल्ले.

आणि त्याने मला ओळखलंच नाही.

'बाई, त्या खालच्या छपरांचं काहीतरी करा हो.'

'काय झालं?'

'दुपारी डोळे उघडता येत नाहीत. आमचं ठीक आहे, आम्ही पडदे लावून आतल्या खोलीत बसतो. पण आमच्या स्वयंपाकाच्या बाईंना त्या उजेडातच उभं राहावं लागतं. ओटाच खिडकीखाली. त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत, पण —'

आता ह्याला स्वयंपाकाच्या बाईंचा पुळका! आई तिथे होती तेव्हा कुठे होता हा पुळका? नव्या बाईला पुढे करून स्वतःची सोय बघतो. लबाड!

'सगळं नियमाने झालंय,' मी म्हटलं. 'बाईंना सांगा, खिडकीकडे पाठ करून उभ्या राहा.'

वाक्य इतकं चोख आलं, की तो गेल्यावर मी ते पुन्हा एकदा मनात म्हटलं.

७ मे

छपरावर गेले होते. तेच माझं चारच्या खेळाचं तिकीट.

अडगळीच्या खिडकीतून वाफ येत होती.

अडगळीतून वाफ कशी येईल? बघत राहिले. खिडकी उघडली. कोणीतरी वाकून पातेल्यातलं पाणी ओतत होतं. मग सरळ झालं, आणि उजेड चुकवायला हात वर केला. तळहात नाही. मनगट.

मनगट कपाळाला लावून ती सरळ माझ्याकडे बघत होती. तिला मी दिसत नव्हते. एवढ्या चमकीत कोणाला काय दिसणार!

८ मे

विचारलं.

'हो,' म्हणाली. 'सोडलंच नाही. कॅन्टीनबिन्टीन काही नव्हतं. एका वाक्यासाठी हातातली चूल सोडायची असते का? तुला वाईट वाटेल म्हणून पुलावरून वळसा घालून जात होते.'

'आणि डोळे?'

'होईल सवय.'

'मला सांगितलं का नाहीस?'

'काय सांगायचं? आमच्या डोळ्यांवर येतंय, रंग खरवडून काढा? तुझे बाबा झोपतात ना आता दुपारी.' मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. 'गारवा हवा तर थोडी चमक सोसायला लागते. ते कळतं मला.'

मला दुधी रंगाचा डबा माहीत होता. तिला नव्हता.

११ मे

डाग असलेला कागद पेटीत ठेवला. तळाशी.

१२ मे

थर्मामीटरबाईंना सांगितलं. उंच इमारत आहे, जवळच आहे, मला माहीत होती. त्यांनी तापमापक टेबलावर ठेवलं — मी पहिल्यांदाच त्यांचा हात रिकामा पाहिला. 'त्या इमारतीत कोणाला त्रास झाला?'

'माझ्या आईला.'

त्या म्हणाल्या, 'दुधीचे डबे आज घेऊन जा. नेमणुकीचं मी काही बोलणार नाही. तूही विचारू नकोस.'

१५ मे

दुधीचा पहिला हात. आमच्याच छपरापासून. आईने आज कामाला सुट्टी घेतली, 'पोरीला मदत' म्हणून. खालून बादली वर देत होती.

'ह्यानेही तेवढंच गार राहतं का गं?'

'हो.'

मी बादलीची कडी धरली. तिने सोडली नाही.

'मग आधीच हा का नाही लावलास?'