दोघांना एक कुलूप

प्रिय ताई,

तुला आणि आईला नमस्कार. मी धडधाकट आहे, अक्षरावरून कळेलच. खोकलाही उतरलाय. आईच्या गुडघ्यांना नवीन तेल लागू पडलं का? भाचीचा पुढचा दात आला का?

इथपर्यंत आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

खाणीतला कोळसा वाहून नेणारा पट्टा दुरुस्त करताना आम्ही प्रत्येक मेकॅनिक स्विचला आपापलं कुलूप लावतो, किल्ली आपल्याच खिशात. शेवटचं कुलूप निघेपर्यंत पट्टा चालू होत नाही. गेल्या महिन्यात एका मंगळवारी माझ्या जोडीदाराचं कुलूप खोलीवर राहिलं. तो आणायला निघाला होता गं. पण अर्धा तास थांबायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, "चल रे, माझं एक बास आहे दोघांना."

काम आटोपलं. तो मागोमाग येतोय असं धरून मी कुलूप काढलं. तो मात्र राहिलेला पाना घ्यायला परत आत वाकला होता. पट्टा सुरू झाला.

त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

साहेबांना तो म्हणाला, "चूक माझीच, याचा काही संबंध नाही." मी खाली मान घालून उभा होतो.

आता त्याची घरची पत्रं मीच लिहितो. तो सांगतो, "लिही, बोटाला जरा लागलंय." मी लिहितो. काल त्याच्या बायकोचं उत्तर आलं. शेवटी एक ओळ माझ्यासाठी होती : "भावोजी, तुम्ही सोबत आहात, म्हणून मला घोर नाही."

तुझा,
धाकटा