गच्चीची किल्ली

सोम. ५ जाने.
झोप तीन तास. टाकी साफ करणारे सकाळी आठला हजर. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे आणि सोसायटीची सेक्रेटरी मी, म्हणून वर जाऊन कुलूप काढून दिलं. साडेनऊला ते गेले. कुलूप लावायला पुन्हा वर. एक कुलूप लावायला अर्धा तास लागत नाही. मला लागला. कॉलेजच्या ऑफिसात लेट मार्क.

बोलायला कोणी नाही म्हणून इथे लिहिते. मरून जावंसं वाटलं. पहिल्यांदा नाही, दिवाळीपासून येऊन-जाऊन आहे. पण आज किल्ली हातात होती आणि मला माझीच भीती वाटली.

मंगळ. ६
किल्ली एरवी दाराआडच्या खिळ्याला. काल काढून रव्याच्या डब्यात टाकली. सकाळी तिथून शिलाई मशीनच्या खणात. मग कपाटावर. काय मूर्खपणा! लपवणारी मी आणि शोधणारीही मीच.

आई जाऊन पाच महिने. नऊ वर्षं तिच्या वेळा सांभाळल्या. औषध, पेज, कूस बदलणं. वैतागायचे, ओरडायचेही. आता ऑफिसातून आले की हॉलमध्ये नुसती उभी राहते, पर्स खांद्यालाच.

निलूचा चारकोपहून फोन. "ताई, बरी आहेस ना?" "हो गं, झकास." धाकट्या बहिणीला काय सांगणार.

गुरु. ८
राजीनामा दिला. 'वैयक्तिक कारणास्तव.' पत्र आणि किल्ली, दोन्ही चेअरमन खोतकाकांच्या हातात.
"पार्किंगवरनं ना? शहाभाईंनी तसं बोलायला नको होतं."
मागच्या मीटिंगमध्ये शहाभाई म्हणाले होते, तुम्हाला काय बेन, एकटा माणूस, टाइमच टाइम. लागलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्यासाठी राजीनामा?
"तसं काही नाही, काका."
"कळतं हो आम्हाला."
डोंबल कळतंय. पण किल्ली गेली. झोप पाच तास.

शनि. १०
सकाळपासून चार फोन. परत या, तुमच्याशिवाय कोण, लिफ्टवाल्याशी कोण भांडणार. आई गेली तेव्हा ह्याच लोकांनी ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं टाकली आणि मोकळे झाले. राजीनामा दिला तर फोनांची रांग.
जेवण नाही. भूक नाही. डोक्यात तेच ते.

रवि. ११
दुपारी बेल. खोतकाका, शहाभाई, मागे कमिटीतले दोघे. शहाभाईंच्या हातात तिळगुळाचा डबा, संक्रांत तीन दिवसांवर असताना. आणि डब्यावर, अगदी मानाने ठेवल्यासारखी, किल्ली.
"बेन, गलती झाली. माफ करा. आता गोड बोला."
नको म्हटलं. जितकं नको म्हणते तितका आग्रह. ह्यांना वाटतंय मी रुसलेय! हसू येत होतं. खरं कारण जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. चौघांसमोर कसं सांगायचं? काका म्हणाले, "राजीनामा फाडला बघा," आणि खरंच फाडला. चहा पिऊन गेले.

टेबलावर किल्ली. मी आणि ती, दोघीच घरात.

किती वेळ ते माहीत नाही. मग उठले, किल्ली उचलली आणि अनवाणीच समोरच्या दाराची बेल दाबली. लता वाघमारे, म्युनिसिपल शाळेत शिकवते, वीस वर्षं समोर राहते. मेथी निवडत होती.
"ही तुझ्याकडे ठेव."
"का गं? मी कुठे सेक्रेटरी आहे?"
"मला मरावंसं वाटतं, लता. माझ्याकडे नको ही."
बोलले. एका दमात. वाटलं किंचाळेल, नाहीतर वेड्यासारखं काय बोलतेस म्हणेल. तिने आधी गॅस बंद केला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आत्ता वाटतंय? आज?"
"हो."
"बरं झालं आलीस. बस. कुठे जायचं नाही."
किल्ली आत कुठेतरी ठेवून आली. कुठे ते विचारायचं नाही म्हणाली. शाळेच्या स्टाफरूममध्ये लावलेला हेल्पलाइनचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये होता, तो लावून मला दिला. पलीकडच्या मुलीनेही सरळच विचारलं, आत्ता सुरक्षित आहात का, जवळ कोण आहे. मी रडले. आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते. लताचा हात पूर्ण वेळ माझ्या गुडघ्यावर, मेथीचा वास येणारा.
आज लताकडेच झोपायचं. वही घेऊन आले, लता बरोबर आली.

सोम. १२
सरकारी हॉस्पिटल. लताने हाफ डे टाकला. केसपेपर, मग बाकावर दोन तास. ओळखीचं कोणी दिसेल म्हणून मी ओढणी तोंडावर. लता करवादली, "दाताच्या ओपीडीला पण अशीच बसतेस का?"

डॉक्टर माझ्या निम्म्या वयाची. घाई केली नाही. सगळं विचारलं आणि मीही सगळं सांगितलं, अर्ध्या तासाचंसुद्धा. म्हणाली, विचार पुन्हा येतील, येतील तेव्हा एकट्या राहू नका, कोणाजवळ तरी जाऊन बसा, वेळ जाऊ द्या, कमी होतो. कागदावर माझ्याकडून लिहून घेतलं: वाढायला लागलं की आधी काय होतं (जेवण सुटतं, फोन उचलत नाही). कोणाकडे जायचं. कोणाला फोन. घरातून काय दूर ठेवायचं. गोळ्या लताकडे, ती दोन-दोन दिवसांच्या देणार. आईची उरलेली औषधंही लताने पिशवीत भरून नेली. किल्लीचं सांगितलं तर डॉक्टर म्हणाली, उत्तम केलंत. कोणीतरी उत्तम म्हणालं, किती दिवसांनी.

निलूला फोन केला. आधी रडली, मग शिव्या दिल्या, मग म्हणाली निघाले. आली. मटारची उसळ केली. दोन घास गेले.

बुध. १४
संक्रांत. वाट लागली. सकाळी नऊपासून पतंगवाले माझ्या दारात. "सेक्रेटरी आंटी, किल्ली!" किल्ली लताकडे. लता शाळेत. आणि बाईसाहेब किल्ली पर्समध्ये घालून गेलेल्या, माझा भरवसा नको म्हणून. मांजा, फिरक्या, पोरं, सगळा जिना भरलेला. ग्रुपवर आग.

खोतकाका आले, तापलेले. "नियम आहे ना, शुभाताई? किल्ली सेक्रेटरीकडे. परस्पर कोणालाही देता?"
निलू आतून उठली. मी तिला हातानेच थांबवलं. काकांना आत घेतलं, दार लोटलं.
"काका, मला बरं नाही. मनाचं आहे. जीव द्यावा असे विचार येतात. डॉक्टर चालू आहेत. गच्चीची किल्ली माझ्याकडे असणं धोक्याचं आहे, म्हणून राजीनामा."
काका चपलांच्या स्टँडवरच बसले. मग म्हणाले, "आणि आम्ही ती वाजतगाजत आणून दिली."
मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. निलूने पाणी दिलं.
बाहेर जाऊन त्यांनी पोरांना सांगितलं, लताबाई एकला येतील, तोवर खाली खेळा. कारण सांगितलं नाही.

शनि. १७
वाईट दिवस. निलू काल गेली. चारच्या सुमाराला पुन्हा तेच, जोरात. वाटलं गोळ्यांचा काही उपयोग नाही, लताला किती त्रास द्यायचा. कागद काढला. त्यात माझ्याच अक्षरात: 'लताकडे जाणे.' गेले. तिने विचारलं, "आलं का?" मान हलवली. वह्यांचा गठ्ठा पुढ्यात टाकला, "बेरजा तपास." चौथी ब. पोरांची अक्षरं भयंकर. सहा वाजेपर्यंत तपासल्या. विचार गेला असं नाही, पण कमी झाला. डॉक्टरला फोन करून सांगितलं. मंगळवारऐवजी सोमवारी बोलावलंय.

शनि. २४
नवीन गोळीने तोंड कोरडं. झोप सहा तास. जेवण बऱ्यापैकी.

कमिटीची मीटिंग झाली. मी गेले नाही. काकांनी मिनिट्स आणून दिली, सहीला. 'गच्चीची किल्ली यापुढे श्रीमती लता वाघमारे यांच्याकडे राहील. कारण: सोयीसाठी.' खाली शहाभाईंचं अनुमोदन. सेक्रेटरीच्या सहीची जागा मोकळी ठेवलेली.
"सही करायलाच पाहिजे असं नाही," काका म्हणाले. "राहायचं नसेल तर दुसरा बघतो. पण सेक्रेटरी राहा नाहीतर नको, संध्याकाळी आमच्याकडे चहाला येत जा."
पेन घेतलं, परत ठेवलं. विचार करून सांगते म्हटलं.

ते गेल्यावर सोसायटीची डायरी काढली. टाकीची सफाई दर सहा महिन्यांनी. सवयीने जुलैच्या पानावर नोंद केली: टाकीवाले, सकाळी आठ. वर कोण जाणार ते लिहिलं नाही. लिहून झाल्यावर लक्षात आलं, मी जुलैचं लिहितेय.

लताचा आवाज, पलीकडून: "येतेस ना गं?"