बारावी बाई आणि तीन बटणं

ती. आत्यास,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण खाली वाकले तर उठवायला घरात कोणी नाही. उभ्याने घातलेला गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या कंबरेचं विचारू नकोस.

गोळ्यांची आठवण करून देणारं आमच्या कंपनीचं अ‍ॅप मीच तुझ्या फोनवर घालून दिलं. ते दिवसातून तीनदा ओरडतं, तू ‘घेतली’चं बटण दाबायचं, आणि नाही दाबलंस तर मला निरोप येतो. साहेबांचं उद्दिष्ट एवढंच, की प्रत्येकाने तिन्ही वेळा बटण दाबावं. (साहेब स्वतः एकही गोळी घेत नाहीत. त्यांच्यामुळे आम्ही घेतो, डोकेदुखीची.) गेल्या महिन्यात त्यांनी फर्मावलं, की अ‍ॅप वापरणाऱ्या बारा जणांशी बोला, ते सगळं एआयला वाचायला द्या आणि तक्ता करून घ्या: वर उद्दिष्ट, त्याखाली माणसांच्या गरजा, प्रत्येक गरजेखाली पंधरा दिवसांत करून पाहता येईल असा उपाय. अकरा जण मिळाले. बाराव्या गृहस्थांनी फोनच उचलला नाही, आणि मी इतकी दमले होते की तुला लावला. तुला वाटलं, भाचीला आठवण आली. (आलीही होती. रेकॉर्डिंगही चालू होतं. रागाव, पण पत्र पुढे वाच.)

एआयने दोन मिनिटांत अकरा जणांचा निकाल लावला. कोणाला मोठी अक्षरं हवीत, कोणाला जरा मंजूळ आवाज. अडलं ते बाराव्या बाईपाशी. तू मोठ्या अभिमानाने सांगितलं होतंस, “अगं, चहा ठेवतानाच तिन्ही बटणं दाबून टाकते. दिवसभर कटकट नाही, नि तुलाही घोर नाही.” (असं दाबता येतं हे आम्हालाच ठाऊक नव्हतं.) एआयने लिहिलं: उद्दिष्ट पूर्ण होत आहे. मात्र या बाई गोळ्या घेतात का, हे संभाषणात आढळत नाही. तसं विचारल्याचंही आढळत नाही.

मी पुन्हा ऐकलं, आत्या. चाळीस मिनिटांत बटणाविषयी नऊ वेळा विचारलंय मी. तुझ्या बीपीविषयी एकदाही नाही.

त्याखाली उपाय होता: नातेवाइकाने रोज सकाळी फोन करावा, आणि पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजून घ्याव्यात. साहेब म्हणाले, “मग आपलं अ‍ॅप कशाला? ती बारावी बाई गाळून टाका.” मी म्हटलं, “ती माझी आत्या आहे. तिला गाळायचा प्रयत्न घरातल्या पुष्कळांनी करून पाहिलाय.” सगळे हसले. मीही हसले, आणि मग तोंड धुऊन आले.

बाकी सर्व ठीक. म्हणजे, चाललंय.

तुझी,
बटणवाली भाची

ता. क. फोनवर विचारलं तर “घेतली गं बाई” म्हणशील, म्हणून हे पत्र. पाकीट समोर घे, गोळ्या मोज आणि खरा आकडा कळव. गुरुवारच्या बैठकीत मी तो मांडणार आहे. वाईट निघाला तर माझं आठ महिन्यांचं काम बुडेल. बुडू दे.

आणखी एक. सोमवारपासून सकाळी आठला मी फोन करेन. प्रयोग पंधरा दिवसांचा आहे आणि मला तू ओळखतेस. सोळाव्या दिवशी माझा फोन नाही आला तर तूच कर, आणि विचार, थायरॉईडची गोळी घेतलीस का म्हणून. (बटण मीही नुसतंच दाबते.)