दस्त्यावरचा जोड आणि चषकावरचं नाव

मी, अर्विन डाल्ग्लिश, वय ८३, राहणार तुआतापेरे, न्यूझीलंड, सॉ मिलमधून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवतो. दबाव आणणारा एकच होता, मेहुणा कॉलिन. त्याला काल चहा न देताच परत पाठवला आहे.

१. घर आणि कोंबड्या पत्नी नोलीन हिला. माझं कामाचं टेबल तिने जेवणाच्या खोलीतून खुशाल बाहेर काढावं. लग्न झाल्यापासून ती तेच म्हणते आहे.

२. कॉलिनला वार्निशचा उरलेला डबा. लष्कराने विकायला काढलेल्या जुन्या रायफलींच्या दस्त्यांना हा गृहस्थ वार्निश फासतो. जवसाचं तेल तळहाताने चोळायचं, आठवडाभर रोज, महिनाभर दर आठवड्याला, वर्षभर दर महिन्याला, पुढे जन्मभर वर्षातून एकदा, एवढा धीर त्याला नाही. त्याची रायफल हरणांना लांबूनच चमकताना दिसते. हरणांचं आयुष्य त्याने वाढवलं, हे मात्र मान्य.

३. कानशी आणि पटाशा शाळेच्या कार्यशाळेला. लाकूड आवळून धरणारा शेगडाही न्यावा, त्याने माझा अंगठा दोनदा धरला आहे.

४. गावच्या रायफल क्लबचा चषक मिळवलेली रायफल मुलगी रेविन हिला. परवाना तिच्याकडे आहे. कॉलिनलाही ती हवी आहे, म्हणून खरं काय ते लिहितो.

१९८३ साली या रायफलीच्या दस्त्याचं पुढचं लाकूड मी चार बोटं जास्त कापलं आणि शिव्या घालत कोपऱ्यात भिरकावलं. कॉलिनने ही फजिती गावभर केली. एकोणीस वर्षांच्या रेविनने दुसऱ्या मोडक्या दस्त्याचा तुकडा रेषेला रेषा जुळवून त्याला जोडला, ओलं फडकं ठेवून इस्त्रीच्या वाफेने खड्डे वर काढले, वर्षभर तेल चोळलं. क्लबच्या प्रदर्शनात कार्ड मात्र माझ्या नावाचं लागलं.

परीक्षकांनी भिंग लावलं. "अर्विन, जोड कुठे आहे रे? सापडतच नाही!"

"वीस वर्षांचा हात आहे, दुसरं काय!" मी म्हणालो. रेविन शेजारीच उभी होती.

घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाबा, तुम्हाला तरी सापडला का?"

पुढच्या महिन्यात ती डनीडिन शहरात राहायला गेली. येते, जेवते, पण माझ्या टेबलाजवळ पुन्हा कधी उभी राहिली नाही. तसा जोड मी नंतर पाच वेळा करून पाहिला. पाचही वेळा फट राहिली. मला लाज वाटते.

५. चषकावरचं माझं नाव खोडून रेविनचं कोरावं. चौथं कलम क्लबच्या भरल्या सभेत कॉलिनने उभं राहून वाचावं. आवाज त्याचाच मोठा आहे. रेविनने रायफल नाकारली तर तिला कोणी समजावू नये. बाकी मृत्युपत्र हरवलं तरी चालेल, ही दोन कलमं हरवू नयेत.

तुआतापेरे, १४ मे २०२४
(सही) अर्विन डाल्ग्लिश

अर्विन यांनी आम्हा दोघांदेखत सही केली. ते रडले नाहीत, असं लिहायला त्यांनी सांगितलं आहे.
(सही) हेमी पाराता, औषध दुकानदार
(सही) मोरीस गिलक्रिस्ट, शेजारी